वाचकांचे प्रश्न : चहाचे मळे, मजूर आणि त्यांचे करार

गेल्या अंकात ‘गिरमिट’ (‘ॲग्रीमेंट’चा अपभ्रंश, म्हणजे मजुरांचा मुदतीचा करार) या शब्दावर एक टिपण छापलं होतं. त्यात आसामच्या चहामळ्यांचा उल्लेख एका ओळीत उरकला होता. वाचकांनी नेमकी तीच ओळ पकडली. आलेल्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : फिजी-मॉरिशसला गेलेल्यांना गिरमिटिये म्हणतात. आसामला गेलेल्यांनाही तेच म्हणायचं का?

करार पाहिला तर हो. ठरावीक मुदत, ठरावीक पगार आणि काम सोडलं तर तुरुंग, हा साचा दोन्हीकडे सारखाच होता. कायदे मात्र वेगळे होते, कारण आसामला जाणारा माणूस देशाबाहेर जात नव्हता. बंगाल सरकारने १८६३ साली मजुरांच्या वाहतुकीसाठी पहिला कायदा केला. त्यात भरती करणाऱ्याला परवाना आणि मजुराची नोंदणी एवढंच होतं. खरा फास १८६५च्या कायद्याने बसला. मुदत ३ वर्षं, कामाचे तास ९, आठवड्याचे ६ दिवस आणि किमान पगार पुरुषाला ५, बाईला ४ व मुलाला ३ रुपये महिना. वाचायला हे बरं वाटतं. पण त्याच कायद्याने मळेवाल्याला पळालेल्या मजुराला वॉरंटाशिवाय स्वतः पकडायचा हक्क दिला. हा हक्क १९०८पर्यंत टिकला. खासगी मालकाच्या हाती अटकेची ताकद जवळजवळ त्रेचाळीस वर्षं राहिली, हे आसामचं खास वैशिष्ट्य. १८८२च्या कायद्याने मुदत ५ वर्षांपर्यंत वाढवली, पुढे ती ४ वर्षांवर आली.

दार्जिलिंगच्या मळ्यांवर मुख्यतः नेपाळकडून आलेली माणसं होती आणि तिथे असा फौजदारी करार नव्हता. भूतानच्या पायथ्याशी उत्तर बंगालात असलेल्या डुआर्समध्येही नव्हता. म्हणून ‘चहामळ्यांवर वेठबिगारी होती’ असं सरसकट लिहिताना जपून. कुठला मळा आणि कुठलं साल, हे आधी पाहावं.

प्रश्न : आसामात माणसं नव्हती का? इतक्या लांबून मजूर का आणले?

सुरुवातीला प्रयत्न करून पाहिले. १८३९ साली आसाम कंपनी निघाली, तेव्हा चहा म्हणजे चीन असा ठाम समज होता. म्हणून सिंगापूर-पेनांगकडून चिनी माणसं आणली. त्यांतल्या बहुतेकांचा चहाशी संबंध एवढाच, की ते चिनी होते. वाटेतच मारामाऱ्या झाल्या आणि बरेच जण कामावर रुजू होण्याआधीच काढले गेले.

मग स्थानिक कछारी लोक आले. हे लोक चांगले कामकरी, पण त्यांची स्वतःची शेती होती. पेरणी-कापणीच्या दिवसांत ते गावी जात आणि पगार थकला की काम बंद करत. १८४८ साली थकलेल्या पगारासाठी त्यांनी आसाम कंपनीच्या मळ्यावर काम अडवून धरलं होतं. मळेवाल्यांची अडचण माणसांची कमी ही नव्हती. ज्याला घरी दुसरा आधार आहे तो मजूर त्यांना परवडत नव्हता. बर्मी आक्रमणांनी आसामची वस्ती विरळ झाली होती हे खरं, पण जी होती ती ३ आण्यांवर वर्षभर राबायला तयार नव्हती.

सरकारनेही हातभार लावला. १८६०च्या सुमारास खसखशीच्या लागवडीवर बंदी आली आणि पुढे शेतसारा चढवला. शेतकऱ्याच्या हातातला रोख पैसा आटला की तो मळ्यावर येईल, असा हिशेब होता. आला नाही. उलट १८६१ साली नगावजवळ फुलागुडीला उठाव झाला. त्यानंतर बाहेरून माणसं आणणं हाच मुख्य मार्ग ठरला.

प्रश्न : भरती नेमकी कशी व्हायची? ‘आरकाटी’ आणि ‘सरदार’ एकच का?

एक नव्हेत. यातला फरक कळला की पुढचं बरंच उलगडतं.

आरकाटी म्हणजे दलाल. परवाना असायचा वरच्या कंत्राटदाराकडे. गावोगाव फिरणारा आरकाटी हा त्याचा बिनपरवान्याचा हात. तो बाजारात, जत्रेत, विहिरीवर हेरत बसे. घरात भांडून निघालेली बाई, सावकाराने नाडलेला कुळवाडी, दुष्काळात दोन दिवसांचा उपाशी पोरगा ही त्याची माणसं. पोटभर जेवण, थोडी उचल, ‘काम हलकं आहे, वर्षाने परत ये’ असं आश्वासन, आणि माणूस डेपोत, म्हणजे भरती झालेल्यांना ठेवायच्या ठिकाणी. डेपोत नावं बदलली जात. बाई एकटी असेल तर कुणाची तरी बायको म्हणून नोंदवली जाई, म्हणजे नातेवाईक शोधत आले तरी नोंदवहीत सापडायची नाही.

सरदार हा मळ्यावरचाच जुना मजूर. मालक त्याला दाखला आणि खर्चाला पैसे देऊन गावी पाठवी; त्याने आपले भाऊबंद, गाववाले घेऊन यायचे. १८७०मध्ये या पद्धतीला कायद्यात जागा मिळाली. सरकारी कागद सरदाराला फार चांगला ठरवतात. आपलं माणूस आपल्या माणसाला फसवणार नाही, असा तर्क. पण डोकीमागे पैसे सरदारालाही मिळत आणि पुष्कळदा तो गोळा केलेली माणसं आरकाट्यालाच विकून टाकी. तरी दोन्ही एका मापाने मोजणं बरोबर नाही. सरदाराबरोबर गेलेल्याला निदान कुठे जातोय ते ठाऊक असे.

भाव चढला की कंत्राटदार एका सज्ञान माणसामागे मळ्याकडून १०० रुपयांच्या वर घेई. मजुराचा पगार महिना ५ रुपये. म्हणजे मजूर मळ्यावर पोचला तेव्हाच मालकाचे त्याच्या वीस महिन्यांच्या पगाराएवढे पैसे गुंतलेले असत. पुढची पाळत, रात्रीचे चौकीदार, पळालेल्याला धरून आणणं, हे सगळं याच आकड्यातून निघतं. त्यासाठी साहेब क्रूर असायलाच हवा असं नव्हतं.

आता धुबडी. १८८२च्या कायद्याने ‘मोकळ्या’ स्थलांतराला वाट ठेवली, म्हणजे माणसाने करार न करता आसामपर्यंत जावं आणि तिथे पोचून करावा. ब्रह्मपुत्रेवर आसामच्या तोंडाशी धुबडी बंदर आहे. आरकाटी माणसांना नोंदणीशिवाय थेट तिथे नेऊ लागले आणि करार तिथे होऊ लागले. गावच्या जिल्ह्यात नोंदणी केली तर मॅजिस्ट्रेट चार प्रश्न विचारणार, बाप-भाऊ धावत येणार. धुबडीत पोचलेला माणूस घरापासून शेकडो मैलांवर, खिशात परतीचं भाडं नाही, भाषा कळत नाही. तिथे ‘राजी आहेस का?’ या प्रश्नाला एकच उत्तर असतं. कागदावर हे सगळे स्वखुशीने आलेले.

कंत्राटी भरती १९१५मध्ये बंद झाली आणि आसाम लेबर बोर्डाच्या देखरेखीखाली फक्त सरदारी राहिली.

प्रश्न : ५ रुपये पगार त्या काळी अगदीच कमी होता का? पैसे हातात किती पडायचे?

५ रुपये म्हणजे ८० आणे. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर दिवसाला ३ आण्यांहून थोडं अधिक. बाईचे ४ रुपये म्हणजे अडीच आण्यांच्या आत. कायद्यातला हा किमान पगार प्रत्यक्षात वरचीच मर्यादा ठरे. हातात काय पडे ते तीन गोष्टींवर ठरे.

पहिली ‘निरिख’. पगार दिवसावर नव्हता, नेमून दिलेल्या कामावर होता. खुरपणीला-खोदणीला काठीने मोजून पट्टा दिला जाई. तो पुरा झाला तर एक ‘हाजिरा’, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी, अर्धा झाला तर अर्धा. निरिख ठरवणार मॅनेजर, मोजणार त्याचा माणूस. लव्हाळा माजलेला चढाचा तुकडा आणि भुसभुशीत सपाट तुकडा, दोन्हींना काठी तीच. नव्याने आलेल्या, कुदळीची सवय नसलेल्या माणसाला पूर्ण निरिख कित्येक महिने जमत नसे.

दुसरी गोष्ट तागडी. मार्च-एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत पानखुडणी चालते. एकाच झुडपावर साधारण ७ ते १० दिवसांनी पुन्हा हात फिरतो; दोन पानं आणि एक कळी एवढंच खुडायचं. उशीर झाला तर पान जून होतं, घाई केली तर वजन भरत नाही. टोपली काट्यावर गेली की आधी टोपलीचं वजन वजा, मग पावसाचं पाणी म्हणून वजा, मग ‘पान जाड आहे’ म्हणून वजा. एक किलो तयार चहाला चार-साडेचार किलो ओलं पान लागतं, तेव्हा कारखान्याच्या दृष्टीने पाण्याची वजावट अगदीच खोटी नव्हती. खोटी होती ती अंदाजाने धरलेली. आसामात पानखुडणीच्या ऐन मोसमात पाऊस रोजचाच असतो, म्हणजे वजावटही रोजचीच. याच दिवसांत निरिखच्या वर खुडलेल्या पानाला वेगळे पैसे मिळत, त्याला ‘टिका’ म्हणत. मजुराच्या गाठीला काही पडे ते बहुधा टिक्याचं.

तिसरी गोष्ट आजारपण. हजेरी नाही तर पैसा नाही. बेकायदा ठरलेली गैरहजेरी तर कराराच्या शेवटी मुदतीत भर घालून वसूल केली जाई. त्यामुळे तीन वर्षांचा करार तीन वर्षांत संपेलच असं नव्हतं.

१८६५चा ५ रुपयांचा आकडा १९००पर्यंत जवळजवळ हललाच नाही. १८८२मध्ये पहिली ३ वर्षं ५ आणि नंतर ६ रुपये असं झालं. १९०१च्या कायद्यात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेपाच. आसामचे चीफ कमिशनर हेन्री कॉटन यांनी जास्त वाढ सुचवली, तर मळेवाल्यांनी कलकत्त्यापासून लंडनपर्यंत ओरड केली आणि वाढ कापली गेली. दरम्यान धान्याचे भाव कितीदा चढले-उतरले. पगाराच्या तुलनेत खरा प्रश्न तांदळाचा होता. मळ्यावरच्या तांदळाचा भाव करारात लिहिलेला असे, पण तो पुरवणाराही मालकच.

बायकांचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. ‘नाजूक बोटं म्हणून बायका पान खुडतात’ हे वाक्य जाहिरातींनी आपल्या डोक्यात बसवलं आहे. बाईचा दर पुरुषाहून रुपयाने कमी होता आणि सर्वांत जास्त हात लागत ते खुडणीला. बोटांपेक्षा हा हिशेब जास्त पटण्यासारखा आहे.

प्रश्न : जुन्या नाण्यांत मळ्याचं नाव कोरलेली, मधोमध भोक असलेली पितळी चकती मिळाली. ती नाणं आहे का?

सरकारी नाणं नव्हे. ते मळ्याचं टोकन आहे. आसाम, काछाड आणि सिल्हेटच्या मळ्यांवर सुट्या नाण्यांची कायम टंचाई असे, म्हणून मळे दिवसाच्या हाजिऱ्यामागे टोकन देत. बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीतून अशी टोकनं पाडून येत. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून किमतीप्रमाणे आकार वेगळे, आणि दोरीत ओवता यावीत म्हणून भोक. टोकन त्या मळ्यापुरतं चाले. शेजारच्या हाटात ते घेतलं तर बट्टा कापून. दुसऱ्या मळ्यावर पळून गेलेल्याच्या कनवटीचे पैसे तिथे नुसतं पितळ. कडा झिजलेल्या असतील तर घासूनपुसून चकचकीत करू नका. हाताळणीची ती झीज हीच त्याची किंमत आहे.

प्रश्न : वाटेत इतकी माणसं का मरत?

१ मे १८६३ ते १ मे १८६६ या तीन वर्षांत ८४,९१५ मजूर आसामात आणले गेले. जून १८६६अखेर त्यांतले सुमारे ३०,००० मेलेले किंवा पळालेले होते. हा तेजीचा काळ. जो तो जमीन घेऊन कंपन्या काढत होता. माणसं उतरवली ती जंगल तोडायला, आणि राहायला झोपडीही नसे.

रांची-हजारीबागकडून निघालेली टोळी चालत रेल्वेपर्यंत, मग रेल्वेने गोआलंदोच्या नदीबंदरापर्यंत (१८७१च्या आधी कुष्टियापर्यंत) आणि तिथून आगबोटीने ब्रह्मपुत्रेच्या उलट प्रवाहात कित्येक दिवस. बोटीत खालच्या डेकवर दाटी. ज्या नदीत संडास सुटे तीच नदी पिण्याला. डेपोत एकाला पटकी असली की बोट डिब्रूगडला पोचेपर्यंत ती टोळीभर होई. जगून पोचलेल्यांना पुढे हगवण, हिवताप आणि अनवाणी पायांतून शिरणारे आकड्यासारखे कृमी. १८८०-९०च्या दशकांत ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात काळा आजार हा जीवघेणा ताप वर वर सरकत गेला.

कायद्यात उपाय होता. मृत्युदर शेकडा ७च्या वर गेला की मळा अनारोग्यकारक ठरवून त्याची तपासणी करायची. आता ही पळवाट पाहा. मरायला टेकलेल्या मजुराचा करार रद्द करून त्याला मळ्याबाहेर काढलं की तो मळ्याच्या मृत्युसंख्येत मोजला जात नाही. बाजाराच्या कडेला मेलेल्या अशा माणसांचा उल्लेख त्या काळच्या कागदांत पुन्हा पुन्हा येतो.

प्रश्न : कागदांत ‘नागपुरी कुली’ असा शब्द दिसतो. म्हणजे विदर्भातून माणसं गेली होती का?

नाही. हा घोटाळा फार जणांचा होतो. तो नागपूर म्हणजे छोटा नागपूर, रांचीभोवतीचं पठार. मुंडा, उराँव, खडिया ही तिथली माणसं. ‘नागपुरी’ किंवा सादरी ही तिथली बोली, मराठीशी तिचा संबंध नाही. मळ्यांवर हीच बोली सगळ्यांना जोडणारी भाषा झाली. मध्य प्रांतातून भरती झाली ती मुख्यतः छत्तीसगडकडून, रायपूर-बिलासपूर भागातून, विशेषतः १८९६-९७ आणि १८९९-१९००च्या दुष्काळांत. रत्नागिरीकडचे मराठी मजूर गेले ते मॉरिशसला, उसाच्या मळ्यांवर.

प्रश्न : सिलोनला कंगाणी पद्धत होती, ती जास्त माणुसकीची होती असं वाचलं. खरं का?

तुरुंगापेक्षा कर्ज बरं वाटत असेल तर खरं. सिलोनमध्ये १८६९पासून कॉफीवर तांबेरा पडला आणि मळे चहाकडे वळले. लूलेकंदेराच्या मळ्यावर जेम्स टेलर यांनी १८६७मध्ये १९ एकरांवर चहा लावला होताच. कॉफीची कामं मोसमी, चहाची बारमाही, म्हणून तमिळ मजूर कुटुंबासह तिथेच राहू लागले. पाच वर्षांचा करार नव्हता. कंगाणी हा टोळीचा मुकादम. मळ्याकडून उचल घेऊन तो तमिळ मुलखात जाई, प्रवासखर्च आणि उचल मजुरांच्या नावे मांडी. टोळीतलं माणूस कामावर हजर झालं की कंगाणीला दर माणशी दर दिवशी थोडे पैसे मिळत, म्हणजे आजारी माणसालाही उठवण्यात त्याचा फायदा.

गाठ होती ‘तुंडू’ या चिठ्ठीत. मजुराला मळा बदलायचा तर जुन्या मळ्याच्या साहेबाने लिहून द्यायचं : एवढी बाकी भरल्यास सोडू. नवा मळा बाकी भरे आणि ती मजुराच्याच खात्यावर चढे. मजूर मळा बदली, कर्ज बदलत नसे. तुंडू १९२१मध्ये बंद झाली. पुढचं मात्र आसामात घडलं नाही ते तिथे घडलं. सिलोनच्या १९४८च्या नागरिकत्व कायद्याने या तमिळ मजुरांतले बहुतेक बिनदेशी ठरले आणि १९६४च्या शास्त्री-सिरिमावो कराराने ५,२५,००० भारताच्या, ३,००,००० सिलोनच्या वाट्याला आले. उरलेल्या दीड लाखांचं १९७४पर्यंत ठरलंच नाही.

प्रश्न : १९२१ साली मजूर मळे सोडून निघाले होते, ते गांधीजींच्या हाकेमुळे का?

गांधींचं नाव ओठांवर होतं, पण कारण पगाराचं होतं. महायुद्धानंतर कापड-धान्य महागलं आणि हाजिरा जिथल्या तिथे. तेव्हाच्या सिल्हेट जिल्ह्यातल्या चार्गोला खोऱ्यातल्या मजुरांनी ८ आणे रोज मागितले, मिळाले नाहीत. मे १९२१च्या सुरुवातीला हजारो जण बायकापोरांसह करीमगंजकडे चालू लागले. तिथून रेल्वेने चांदपूर. पुढे गोआलंदोची बोट. सरकारने बोटीचं भाडं द्यायला नकार दिला, आणि गर्दी चांदपूर स्टेशनात तुंबली. २० मेच्या रात्री गुरखा शिपायांनी त्यांना स्टेशनातून मारहाण करून हुसकलं. पाठोपाठ पटकी. निषेधात आसाम-बंगाल रेल्वे आणि आगबोटींवर संप झाला. गांधींचे मित्र सी. एफ. अँड्रूज तिथे पोचले होते.

प्रश्न : मळ्यांवरचे सरकारी वार्षिक अहवाल वाचतो आहे. त्यांत ‘ॲक्ट’ आणि ‘नॉन-ॲक्ट’ असे मजुरांचे दोन रकाने आहेत. नॉन-ॲक्ट म्हणजे मोकळे मजूर ना?

इथे नव्या अभ्यासकाची हटकून चूक होते. ‘ॲक्ट’ म्हणजे त्या वेळच्या स्थलांतर कायद्याखाली करार झालेले, म्हणजे १८८२ किंवा १९०१च्या. उरलेले सगळे नॉन-ॲक्ट. पण त्यांत १८५९च्या १३व्या कायद्याखाली बांधलेलेही आहेत. हा कायदा मुळात उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिरांसाठी होता. काम कर, नाहीतर उचल फेड, नाहीतर ३ महिन्यांपर्यंत कैद. आसामात पहिला करार संपला की मजुराच्या हातावर थोडी रोकड ठेवून या कायद्याखाली दुसरा करार होई. त्यात किमान पगार नाही, तपासणी नाही. म्हणून मळेवाल्यांना हाच जास्त आवडे. तो आसामातून गेला १९२६मध्ये. त्याआधीच्या कुठल्याही वर्षाचा नॉन-ॲक्टचा आकडा वाढलेला दिसला तर तो मोकळ्या मजुरांचा म्हणून मांडू नका.